इंजिनिअरिंगची फी: ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीची यादी) भरायच्या आधी हे करा

बारावीनंतर घरोघरी फक्त कटऑफची चर्चा, आणि फीचं काय तर "बघू नंतर". आम्ही थोरल्याच्या वेळी तेच केलं. ॲडमिशन कुठल्या रस्त्याने घेता त्यावरच फी किती भरायची ते ठरतं, हे धाकटीच्या वेळेपर्यंत कळलं होतं म्हणून वाचलो.

आधी कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो, सॅलरी स्लिप दाखवून भागत नाही, आणि जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते, तर एप्रिल-मेमध्येच तो आणि डोमिसाईल काढून ठेवा, लागत असेल तर नॉन क्रिमीलेअरही. मुलाच्या नावाचं खातं आधारला सीड (जोडलेलं) झालंय ना तेही बँकेत जाऊन विचारा, कारण शिष्यवृत्तीचे पैसे तिथेच येतात.

मग कॉलेजची फी नीट फोडून बघा. खाजगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या साइटवर ती दिसते, ट्यूशन वेगळी, डेव्हलपमेंट वेगळी. सवलत मिळते ती मुख्यतः ट्यूशनवर, बाकी हॉस्टेल, मेस, बसपास सगळं आपल्या खिशातून.

आता मुख्य मुद्दा. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून असेल तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करता येतो. ओपनच्या मुलांना राजर्षी शाहू योजनेत निम्मी ट्यूशन, आणि 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना पूर्ण. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की यातलं काही नाही, म्हणून "आत्ता सीट बुक करा" असं कोणी म्हणालं की जरा थांबा. टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफी योजना) म्हणून 5 टक्के जागा असतात तिथे ट्यूशन माफच, पण त्याचा चॉइस कोड (फॉर्ममध्ये टाकायचा कॉलेज-ब्रँचचा नंबर) वेगळा असतो, कटऑफ वर जातो, आणि लोक तो कोड टाकायलाच विसरतात!! ऑप्शन फॉर्ममध्ये त्याच कॉलेजच्या साध्या कोडच्या वर टाका, नाही मिळालं तर खालचं आहेच.

गावाहून भाचा-पुतण्या येणार असेल तर पीजी शोधायच्या आधी पुण्यातल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाची चौकशी करा, आणि विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आपल्या कॉलेजात आहे का तेही.

एवढं करून जे उरेल त्याचंच लोन. सरकारी बँकेत साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं हे काउंटरवर कोणी ठासून सांगत नाही. 3 लाख उचलले आणि 10 टक्के धरले तर महिन्याला अडीच हजार, जमलं तर ते तेव्हाच भरत जा. जुनी टॅक्स रिजीम असेल तर हे व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं.

आणि महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी रिन्यू करायचा असतो, आपोआप होत नाही. थोरल्याच्या सेकंड इयरला तारीख निघून गेली, मुलगा म्हणे मला वाटलं आई बघेल, मला वाटलं तो बघेल, आणि माझी अख्खी भिशी कॉलेजच्या काउंटरवर गेली.