बसपासून मॉड्यूल विलग करणाऱ्या शोधाचा पेटंट अर्ज नाकारल्यास अपील कसे करावे

चालू संगणकात प्लग-इन मॉड्यूल बसवताना ते बसपासून (संगणकाचे भाग जोडणाऱ्या सामाईक वाहिन्यांपासून) विलग ठेवणाऱ्या सर्किटचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाने पेटंट कायद्याच्या कलम १५ खाली नाकारला, तर पुण्यातील अर्जदाराने निर्णयाच्या तारखेपासून ३ महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयात अपील करावे; पूर्वीचे अपील मंडळ २०२१ मध्ये रद्द झाले आहे.

नियंत्रकाने (अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याने) कोणते जुने दस्तऐवज एकत्र जोडून शोध तज्ज्ञाला सहज सुचण्याजोगा ठरवला, हे आदेशात प्रथम शोधावे, कारण अशा प्रकरणांचा निकाल बहुधा तिथेच लागतो. बफरच्या (सिग्नल मधेच अडवू शकणाऱ्या सर्किटच्या) साहाय्याने मॉड्यूल तोडणे जुनेच आहे, एवढीच हरकत असेल, तर आपल्या दाव्यातील (अर्जात ज्यासाठी संरक्षण मागितले त्या भागातील) क्रम ठळकपणे मांडावा: लांब पिनमुळे आधी ग्राउंड जुळणे, मग वीजपुरवठा स्थिरावणे आणि बसवरील चालू व्यवहार संपल्यावरच सिग्नलच्या वाहिन्या जोडल्या जाणे. हा क्रम केवळ वर्णनात असून दाव्यात नसेल, तर युक्तिवाद लंगडा पडतो, आणि वकील कितीही निष्णात असला तरी ती उणीव भरून निघत नाही. कलम ५९ च्या मर्यादेत दावा संकुचित करता येतो. त्याची व्याप्ती वाढवता येत नाही.

विलगीकरणाचे नियंत्रण सॉफ्टवेअर करत असल्यास कलम ३(के) चेही (निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारणाऱ्या तरतुदीचेही) उत्तर तयार ठेवावे.