जोडीदारापासून लपवलेले कर्ज घरात कसे सांगावे आणि त्याची फेड कशी सुरू करावी

सोलापुरातील एका पतसंस्थेच्या वसुली विभागात मी बरीच वर्षे काम केले. कर्ज थकवणारी माणसे तेथे रोज येत. पण त्यांतल्या ज्यांची मला खरी काळजी वाटे, ती माणसे हप्त्याची मुदत मागत नसत, तर "नोटीस तेवढी घरच्या पत्त्यावर पाठवू नका" अशी विनवणी करत. त्यांत यंत्रमाग कामगार होते, टॉवेलचा लहानसा धंदा करणारे होते, पगारदार होते आणि नवऱ्याला न सांगता बचत गटातून किंवा सूक्ष्म वित्त कंपनीकडून पैसे उचललेल्या विडी कामगार महिलाही होत्या. लपवणारा नेहमी नवराच असतो, असा समज करून घेऊ नये.

एका दुपारी एक जोडपे आले. नवऱ्याने आदल्या रात्री दोन कर्जे कबूल केली होती आणि "अजून काही आहे का?" या प्रश्नाला "नाही" असे उत्तर दिले होते. आमच्या टेबलावर त्याच्या पतअहवालाची, म्हणजे त्याच्या नावावरील कर्जांच्या नोंदीची, छापील प्रत उघडली, तेव्हा त्यात तिसरे कर्ज निघाले. बाईंनी रकमेकडे पाहिलेच नाही. त्यांनी कर्जाच्या तारखेवर बोट ठेवले आणि एवढेच विचारले, "अहो, हे तर बारशाच्या आठवड्यातलं आहे ना?" पहिल्या दोन कर्जांवर त्या दोघांचे बोलणे होऊ शकले असते, तिसऱ्यानंतर ते बराच काळ होऊ शकले नाही. म्हणून या लेखातील सर्व पायऱ्यांमागे माझे एकच सांगणे आहे: कर्ज सांगायचे तर पूर्ण आकडा सांगावा आणि तो एकाच बैठकीत सांगावा. हप्त्याहप्त्याने दिलेली कबुली ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने फसवते.

पायरी पहिली : बोलण्याआधी पूर्ण यादी करा

आठवणीवर विसंबू नका, कारण लपवणाऱ्याची आठवण त्याच्याच बाजूने झुकते. देशातील चार पतमाहिती कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो; किमान दोघींचे अहवाल काढा. बँकेचे कर्ज, क्रेडिट कार्ड, नोंदणीकृत कंपनीकडून मोबाईलवरून घेतलेले कर्ज आणि तुम्ही जामीन राहिलेले कर्ज त्यात दिसू शकते.

खरी अडचण अहवालात न येणाऱ्या देण्यांची असते. काही पतसंस्थांची कर्जे तेथे सापडतीलच असे नाही. सावकार, हातउसने आणि भिशी तर येतच नाहीत. भिशी उचललेल्या माणसाला ती कर्ज वाटत नाही, कारण पैसे "आपलेच" असतात. परंतु वीस जणांच्या, दरमहा ५,००० रुपयांच्या भिशीत तुम्ही तिसऱ्या महिन्यात रक्कम उचलली असेल, तर सतरा हप्ते म्हणजे ८५,००० रुपये अजून देणे आहे आणि ते यादीत आलेच पाहिजे. मेहुण्याकडून किंवा मित्राकडून घेतलेले दहा हजारही लिहा. लाजेपोटी गाळले जाते ते नेमके हेच, आणि एखाद्या लग्नघरात पुढे उघडे पडते तेही हेच.

प्रत्येक देण्यापुढे मूळ रक्कम, घेतल्याची तारीख, आजची बाकी, व्याजाचा दर, पुढील हप्ता आणि तारण काय दिले हे लिहावे. कोरे धनादेश दिले असतील तर त्यांचे क्रमांक लिहावेत. पत्नीचे गंठण किंवा पाटल्या तिला न सांगता गहाण ठेवल्या असतील, तर ती नोंद यादीत सर्वांत वर असावी. स्त्रीधनावर पतीचा मालकी हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही स्पष्ट केले आहे. अडचणीत वापरले तरी ते परत करण्याची जबाबदारी पतीवर राहते.

पायरी दुसरी : वेळ निवडा

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुण्यांनी घर भरलेले असताना, जेवणाच्या ताटावर किंवा वसुलीवाला दारात उभा असताना हा विषय काढू नये. मुले घरात नसतील आणि दोघांनाही दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठायचे नसेल, अशी वेळ बघावी. सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून बोलावे असे काहींना वाटते. माझ्या मते घरच बरे, कारण कागद पसरावे लागतात आणि ऐकणाऱ्याला रडावेसे वाटले तर तेथे संकोच होत नाही. मात्र जोडीदार हात उगारील अशी भीती असेल तर एकटे बसू नका. विश्वासातील वडीलधाऱ्यांना सोबत घ्या आणि महिलांनी १८१ ही हेल्पलाइन लक्षात ठेवावी.

पायरी तिसरी : आकड्यापासून सुरुवात करा

कारणांची प्रस्तावना लांबली की समोरच्याच्या पोटात गोळा येतो. पहिल्या दोन वाक्यांतच रक्कम यावी. "माझ्यावर चार लाख दहा हजारांचं कर्ज आहे. त्यातलं दीड लाखाचं तुला माहीत आहे, बाकीचं मी लपवलं, आणि तुझं गंठण गहाण आहे," असे सरळ सांगावे आणि यादी हातात द्यावी. "तुमच्यासाठीच केले" हे वाक्य टाळावे. ते खरे असले तरी त्या क्षणी दोष ऐकणाऱ्यावर जातो. त्यानंतर गप्प बसावे. त्याच रात्री माफी मिळावी, असा आग्रह धरू नये.

पायरी चौथी : ऐकणाऱ्याने काय करावे

त्या रात्री कोठेही सही करू नये आणि उरलेले दागिने काढून देऊ नयेत. केवळ पती किंवा पत्नी आहे म्हणून दुसऱ्याचे वैयक्तिक कर्ज आपल्यावर येत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर मात्र येते, आणि जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणून आपली सही कोठे झाली आहे, हे यादीवर स्वतः तपासावे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर विचारावे.

जोडीदार कबुलीनंतर अबोल झाला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर हिशोब बाजूला ठेवावा, त्याला एकटे सोडू नये आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

पायरी पाचवी : फेडीचा क्रम ठरवा

सर्वांना थोडे थोडे देऊन कोणीच फिटत नाही. सावकाराचा "पाच रुपये शेकडा" ऐकायला हलका वाटतो, पण तो महिन्याचा असतो. ५०,००० रुपयांवर दरमहा २,५०० म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये व्याज होते, आणि वीस महिन्यांत मुद्दलाएवढे पैसे देऊनही मुद्दल जागेवरच राहते. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येते. याच कर्जावर ते ९,००० रुपये होते. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्यासही हा कायदा मनाई करतो. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते.

सोन्याच्या लिलावाची नोटीस आली असेल तर आधी तिकडे धावावे. त्यानंतर सर्वांत महाग व्याजाचे देणे, बहुधा सावकार आणि क्रेडिट कार्ड, संपवावे. कार्डावर केवळ किमान रक्कम भरत राहणे म्हणजे फेड नव्हे. नातेवाइकांना प्रत्यक्ष भेटून मुदत मागावी. बहुतेक जण देतात, फक्त त्यांना तारीख हवी असते. बँकेत दोघांनी मिळून जावे आणि हप्ता लहान करून मागावा. जुने फेडण्यासाठी मोबाईलवरून नवे कर्ज घेऊ नये.

वसुलीवाल्यांनाही वेळेची मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकीत कर्जासाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. सूक्ष्म वित्त कर्जांसाठी ही वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६ अशी आहे. लेखी तक्रारीला रिझर्व्ह बँकेच्या नियमांखालील संस्थेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे शुल्काशिवाय जाता येते. धनादेश न वटल्याची नोटीस मिळाली तर मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवसांची मुदत असते, ती वाया घालवू नये.

पायरी सहावी : एक वही, एक तारीख

पगार किंवा आठवड्याची मजुरी हाती आली की दोघांनी यादी पुन्हा उघडावी, भरलेल्या हप्त्याची पावती त्याच वहीत चिकटवावी आणि उरलेली बाकी लिहावी. लपवणाऱ्याने बँकेचे संदेश जोडीदाराच्या मोबाईलवरही येतील अशी सोय स्वतःहून करावी. नवे हातउसने, नवा जामीन किंवा नवी भिशी दोघांच्या होकाराशिवाय नको, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून दोघांनी सही करावी. फिटलेल्या कर्जाचा निरंक (काही बाकी नसल्याचा) दाखला आणि दिलेले धनादेश परत घेऊनच त्या ओळीवर रेघ मारावी, आणि पुढच्या बैठकीची तारीख लिहून मगच वही मिटावी.