निकासिल ब्लॉकला बोअर मारू नका: जोरकस इंजिन बांधताना या चुका टाळा

साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीतल्या मेस्त्रीला बोअर मारायला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायला, कुणी शिकवायची गरज नाही. पाण्याची डिझेल इंजिनं, ट्रॅक्टरचे लायनर, आरएक्स100 चे ब्लॉक यांवर इथला हात बसलेला आहे. पण हे सगळं काम लोखंडावरचं. केटीएम 390 ड्यूकसारख्या इंजिनाचा निकासिल कोटिंगवाला अल्युमिनियमचा ब्लॉक टेबलावर येतो, आत दोन-चार ओरखडे दिसतात आणि सवयीने तोंडातून निघतं, “पंचवीसचा ओव्हरसाइज टाकू.” तिथेच ब्लॉक जातो.

हिशोब करून बघा. निकासिल म्हणजे निकेलच्या थरात रुतवलेले सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण. माले कंपनीने 1967 मध्ये आणलेलं हे कोटिंग मुळात वांकेल (पिस्टनऐवजी रोटर फिरणाऱ्या) इंजिनासाठी होतं. तयार ब्लॉकवर हा थर साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर असतो. पंचवीसच्या ओव्हरसाइजमध्ये व्यास 0.25 मिलिमीटरने वाढतो, म्हणजे प्रत्येक बाजूने 0.125. कोटिंग पूर्ण निघून जातं आणि अल्युमिनियमचा पिस्टन अल्युमिनियमच्याच भिंतीवर घासायला लागतो. ऑइलचा पापुद्रा एका जागी फाटला की दोन्ही धातू एकमेकांना चिकटतात आणि इंजिन जाम होतं.

आधी ब्लॉक कोणता ते ठरवा

लोखंडी स्लीव्ह (आत बसवलेली नळी) असेल तर ब्लॉकच्या वरच्या तोंडावर वेगळ्या रंगाची कडी दिसते, आणि साधं चुंबक आत जोरात चिकटतं. निकासिलमध्ये कडी नसते. निकेललाही चुंबक लागतं, पण थर इतका पातळ की ओढ नाममात्र जाणवते. यामाहा आर15 च्या डायसिल ब्लॉकला चुंबक लागतच नाही, कारण त्यावर कोटिंगच नाही. सुमारे 20 टक्के सिलिकॉन असलेल्या अल्युमिनियमचाच तो ओतलेला असतो. डायसिल खराब झाला तर नवा ब्लॉक घ्या. खाली लिहिलेलं ॲसिडचं काम त्यावर चुकूनही करू नका.

ओरखडा आहे की चिकटलेलं अल्युमिनियम?

सर्वात जास्त चांगले ब्लॉक इथे भंगारात जातात. जाम झालेल्या ब्लॉकमध्ये उभ्या चकचकीत रेघा दिसतात आणि सगळे म्हणतात, कोटिंग गेलं. पुष्कळदा ते पिस्टनचं अल्युमिनियम भिंतीला चिकटलेलं असतं आणि खालचं कोटिंग शाबूत असतं. नख आडवं फिरवा. रेघ वर आलेली लागली तर ते चिकटलेलं अल्युमिनियम. नख खाली अडकलं तर खाच.

चिकटलेलं काढायला फरशी धुण्याचं म्युरिॲटिक ॲसिड चालतं. कानाच्या कापसाच्या काडीवर एक थेंब घ्यायचा आणि फक्त रेघेवर लावायचा. लगेच बुडबुडे येतात. वीसेक सेकंदांनी ओल्या फडक्याने पुसा, परत लावा. रेघेवरचं अल्युमिनियम संपलं की बुडबुडे थांबतात. एकाच टिंबातून ते येतच राहिले तर थांबा आणि भरपूर पाण्याने धुवा: तिथे कोटिंगला भोक आहे आणि ॲसिड खालचा ब्लॉक खातंय. असा ब्लॉक प्लेटिंगलाच, म्हणजे नवं कोटिंग चढवायलाच, जाईल. पोर्टच्या (टू-स्ट्रोक ब्लॉकच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडांना, बाहेरच्या उघड्या अल्युमिनियमला थेंब लागू देऊ नका. शेवटी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि काम उघड्यावर करा; बंद शेडमध्ये याची वाफ फुप्फुसाला घातक आहे, शिवाय रात्रीत सगळी पाने-हत्यारं गंजवते.

कोटिंगची कड उचललेली असेल, पोर्टपाशी पापुद्रा सुटला असेल, तर त्यावर कुठलाही जुगाड नाही. पॉलिश पेपरने कड मऊ करून बसवलेलं इंजिन थोड्याच दिवसांत ते पापुद्रे रिंगेखाली ओढतं.

प्लेटिंगला पाठवताना

प्लेटर जुना थर रसायनाने उतरवतो, खाच असेल तर वेल्डिंगने भरून बोअर करतो, नवा थर चढवतो आणि डायमंड स्टोनने होन करून मापात आणतो. तुमची चूक यात अशी होते की नुसता ब्लॉक पाठवला जातो. सोबत जो पिस्टन बसणार तोच पाठवा आणि पिस्टन बनवणाऱ्याने दिलेला क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) चिठ्ठीवर लिहा. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन गरम झाल्यावर साध्या ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतो. जुन्या पिस्टनचा क्लिअरन्स त्याला दिला तर पहिल्याच घाटात पकडतो. स्टड, डॉवेल असे सगळे स्टीलचे भाग आधी काढा. ब्लॉक परत आला की पोर्टच्या कडा बोटाने तपासा, किंचित गोलावलेल्या हव्यात. धारदार कड रिंग कापते.

लोखंडी स्लीव्ह ठोकून घेणं स्वस्त पडतं, हे खरं. पण स्लीव्हमुळे उष्णता बाहेर जायला वेळ लागतो, क्लिअरन्स आणि रिंगा दोन्ही बदलावे लागतात. रोज ऑफिसला जायच्या गाडीत ते खपेल. दहा हजार आरपीएमच्या इंजिनात आम्ही ते सुचवणार नाही.

माप घेण्याची चूक

सांगलीच्या एप्रिलमध्ये उन्हात ठेवलेला ब्लॉक आणि कपाटातला मायक्रोमीटर यांच्यात 20 अंशांचा फरक सहज पडतो. 89 मिलिमीटरचा अल्युमिनियम बोअर तेवढ्यात सुमारे 0.04 मिलिमीटर मोठा दिसतो. अख्खा क्लिअरन्सच जवळपास एवढा असतो! ब्लॉक, पिस्टन आणि गेज रात्रभर एकाच टेबलावर ठेवा, सकाळी मापा. बोअर तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, अशी सहा मापं. पिस्टन मापायचा तो स्कर्टवर (खालच्या भागावर), गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर.

रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) ब्लॉकमध्येच मोजा. रिंग पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकला, मग फीलर गेज. मॅन्युअल हाताशी नसेल तर बोअरच्या व्यासाला 0.004 ने गुणा. 89 ला साधारण 0.36 मिलिमीटर येतो. निकासिलवर क्रोमच्या रिंगा चालतात. जुन्या हार्ड क्रोम बोअरवर मात्र क्रोमच्या रिंगा कधीच नाहीत. गजन पिन जागेवर धरणारे सर्कलिप प्रत्येक वेळी नवे.

होनिंग आणि धुणं

नव्या रिंगा टाकायच्या म्हणून लेथवाल्याचा नेहमीचा होनिंग स्टोन निकासिलवर चालवू नका. या कोटिंगमधले कण त्याच स्टोनच्या कणांइतके कठीण आहेत; स्टोन गुळगुळीत होतो आणि बोअरचं रूप बिघडतं. नुसती चकाकी मोडायची असेल तर साबणाच्या पाण्यात मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट, हाताने, तिरप्या रेघा पडतील असं. नंतर गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश. पेट्रोल किंवा रॉकेलने घासण्याची पावडर पूर्ण निघत नाही. पांढरं फडकं आत फिरवून पांढरंच बाहेर आलं तरच धुणं झालं.

धूळ आणि पाणी

उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून गाडी चालवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. वाळूचा बारीक कण निकेलपेक्षा कठीण असतो. फिल्टर स्वच्छ असूनही त्याची कड नीट बसली नसेल तर धूळ कडेने आत जाते; कडेला ग्रीसचा पातळ थर द्या आणि एअरबॉक्सचं आतलं तोंड बोटाने पुसून बघा. आणि रेडिएटरमध्ये कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या बोअरवेलचं पाणी नको. क्षार ब्लॉकच्या जॅकेटमध्ये बसतात, भिंत एका जागी तापते, पिस्टन तिथेच पकडतो. तयार कूलंट भरा आणि हवा पूर्ण काढा.

पहिले 50 किलोमीटर

एका जागी उभी करून इंजिन तासभर फिरवणं ही जुनी सवय सोडा. रिंगा बसायला लोड लागतो. दोन-तीनदा गरम करून पूर्ण थंड होऊ द्या, मग रस्त्यावर काढा. साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासचा रस्ता याला चांगला: चढताना मध्यम थ्रॉटल, उतरताना थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये. सांगलीत सपाटीवर तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 70 पर्यंत ओढा आणि सोडा, असं वीसेक वेळा. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, जुनं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा. करडी पूड आली तर नेहमीचं आहे. चकचकीत पापुद्रे आले तर गाडी सुरू न करता ब्लॉक परत उघडा.