कमी चालणाऱ्या गाडीचं इंजिन ऑइल कधी आणि कसं बदलायचं?

बेळगावात शहापूरला राहणाऱ्या माझ्या मामांची पेट्रोल गाडी सहा वर्षांची झाली, मीटर जेमतेम ११ हजारांवर. मामींना घेऊन कपिलेश्वरला, कधी खडेबाजारला, एवढीच तिची दौड. "पुस्तकात १० हजार किलोमीटरला ऑइल बदला म्हटलंय. आमची कुठं झाली की रे एवढी?" असं म्हणत त्यांनी तीन वर्षं ऑइलला हात लावला नव्हता. गेल्या खंडेनवमीला पूजेसाठी गाडी धुतली, बॉनेट उघडलं आणि मी सहज ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला ताकावर येणाऱ्या लोण्यासारखा पिवळट थर. बोटानं पुसला तर ओलसर आणि बुळबुळीत.

मग पुस्तक काढून तीच ओळ पुढं वाचली: १० हजार किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते. कमी चालणाऱ्या गाडीला ओळीचा हा उत्तरार्धच लागू होतो.

गाडी न चालता ऑइल कसं खराब होतं?

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते. थंड इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलंही थोडं ऑइलमध्ये मिसळतं. गाडी तासभर पळाली की ऑइल चांगलं तापतं आणि हे दोन्ही उडून जातं. दोन किलोमीटरच्या फेरीत तसं होत नाही. काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं आपण समजतो, पण तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं.

म्हणून पाणी साठत जातं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली द्रव्यं हळूहळू संपतात. असं ऑइल पोटात घेऊन गाडी महिनोन्महिने उभी राहिली की आतल्या बेअरिंगना गंज धरायला लागतो. त्यात आपल्याकडचा पावसाळा! जांबोटी-कणकुंबीकडं तर भिंतीसुद्धा चार महिने ओल्या असतात.

आधी आपली गाडी कुठल्या प्रकारात बसते ते ठरवा

गेल्या दोन महिन्यांत गाडी एका दमात २०-२५ किलोमीटर किती वेळा चालली, ते आठवा. महिन्यातून दोनदा तरी खानापूर किंवा संकेश्वरपर्यंत जाऊन येत असेल, तर वर्षातून एकदा ऑइल बदललं की पुरे, मीटरवर हजारच किलोमीटर पडले असले तरी. फक्त गल्लीबोळातल्या फेऱ्या असतील, तर पुस्तकात कठीण वापराचा वेगळा तक्ता शोधा. सारख्या छोट्या फेऱ्या त्यातच मोडतात आणि मुदत बऱ्याचदा निम्मी होते. अशा गाडीचं ऑइल सहा महिन्यांनी बदलावं असं माझं स्पष्ट मत आहे, निदान झाकणाखाली थर दिसत असेल तर नक्कीच.

मुलांकडं पुण्याला किंवा परदेशी चार-सहा महिने जाणार असाल, तर ऑइल जाण्याआधी बदला. आल्यावर बदलू म्हणून ठेवलं तर जुनं आम्लट ऑइल तेवढे महिने इंजिनातच बसतं. भारी सिंथेटिक ऑइल घातलं म्हणून तारीख पुढं ढकलू नका. वॉरंटीतल्या गाडीला तर नाहीच नाही.

तपासणी: पाच मिनिटांचं काम

गाडी सपाट जागेवर लावा, बंद करून दहा मिनिटं थांबा. ऑइलची दांडी काढा, पुसा, परत पूर्ण आत घालून काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर तारखेची वाट बघू नका.

झाकणाखाली थर दिसला म्हणून घाबरूही नका. मामांना वाटलं हेड गॅस्केट (इंजिनात कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी) गेलं. दांडीवरचं ऑइल स्वच्छ होतं, कूलंटची पातळी जागेवर होती, गाडी तापत नव्हती. म्हणजे साठलेली वाफच. पण दांडीवरही दुधाळ ऑइल आलं आणि कूलंट कमी होत असेल, तर गाडी सुरूच करू नका, मेस्त्रींना घरी बोलवा.

डिझेलवाल्यांना दोन गोष्टी. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं पडतं, त्यामुळं रंगावरून काही ठरवू नका. आणि बीएस-६ गाडीत धुराची काजळी पकडणारा डीपीएफ असतो. तो स्वतःला साफ करायला जादा डिझेल घेतो. छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेपलीकडं गेली तर जादाचं काढून टाकून भागत नाही, सगळं ऑइल बदलावं लागतं.

प्रत्यक्ष बदलताना

गॅरेजला गाडी नेताना थोडी लांबून फिरवून न्या. गरम ऑइल पातळ होतं आणि साठलेला गाळ घेऊन खाली येतं. ऑइलचा ग्रेड, म्हणजे ते किती पातळ-जाड हे सांगणारा आकडा, पुस्तकातलाच सांगा. ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर ड्रममधलं जाडं ऑइल घालू देऊ नका, थंड इंजिनात ते वर चढायला वेळ लावतं. फिल्टर दर वेळी नवा, ड्रेन नटाचा वॉशरही नवा. ऑइल पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमी भरून इंजिन दोन मिनिटं चालवा, खाली गळती बघा, मग दांडी बघत उरलेलं भरा. जास्त भरलं तर फिरत्या क्रँकशाफ्टनं त्याला फेस येतो.

घरी करणार असाल, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

मधल्या काळात रोज सकाळी गाडी जागेवर पाच मिनिटं चालू ठेवण्याची आपल्याकडं सवय आहे. ती मोडा. ऑइल तापत नाही, पाणी मात्र वाढतं. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला चालवा. मामा आता एक आड एक रविवारी खानापूरला बहिणीकडं जाऊन येतात. ऑइलची तारीख त्यांनी खंडेनवमीच्या आठवड्याला बांधून टाकली आहे, आणि दाराच्या आत चिकटपट्टीवर दिवस नि मीटरचा आकडा लिहिला आहे.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, वाळवीसाठी लाकडाला फासू नका. शहापूर-वडगावात कितीतरी घरांच्या परड्यात अजून विहिरी आहेत. मातीत मुरलेलं ऑइल तिथवर पोचू शकतं. घट्ट झाकणाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल रिसायकलिंगला देणाऱ्या गॅरेजकडं नेऊन द्या.