खंडेनवमीच्या आधी राखणीची बंदूक साफ करा

भाताचा दाणा चिकात आला की रानडुकरे खाचरात उतरतात. हळवे भात हस्तात तयार होते, गरव्याला दिवाळी उजाडते. म्हणजे सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्याच्या पेडणे-सत्तरी भागात राखणीच्या रात्री आता सुरू होतील. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक बहुतेक घरांत मृगापासून कोपऱ्यात उभी आहे. चार महिने ओल खाल्लेली बंदूक तशीच उचलून बार काढू नका. खंडेनवमीला ती पूजेसाठी बाहेर येणारच आहे. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी, उजेडात, दोन तास तिच्यासाठी काढा.

आधी रिकामी आहे का ते पाहा

काडतुसाची बंदूक उघडून काडतुसाचे घर डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. सफाई सुरू असताना पोरांना आसपास फिरकू देऊ नका.

ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीत बार भरलेला आहे की नाही हे वरून कळत नाही. गेल्या हंगामात भरून ठेवलेला बार वर्षभर तसाच राहिल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. घोड्याखाली केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, नाही याची खात्री करा. तोंडापासून स्वतःला बाजूला ठेवून गज नळीत पूर्ण खाली सोडा, तोंडाशी खडूने खूण करा आणि गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. खूण तोंडाशी जुळवल्यावर गजाचे टोक निपलच्या (केप बसते त्या पोकळ बोंडीच्या) भोकापर्यंत पोचले पाहिजे. दोन-चार बोटे कमी पडले तर आत बार आहे असेच समजा. तो उकरून काढायला जाऊ नका, ठिणगी पडते. नळीत पाणी ओतून दारू भिजवा आणि परवानाधारक कारागिराला बोलवा. भिजलेली दारू वाळली की पुन्हा पेटते, म्हणून पाणी ओतले की काम झाले असे धरू नका.

आणखी एक धोका पावसाळ्याचाच आहे. कुंभारमाशीला बंदुकीची नळी घरट्यासाठी फार सोयीची पडते. आत बोटभर मातीचा गोळा बसतो आणि दोन दिवसांत कडक होतो. नळीत असा अडथळा असताना बार काढला तर वायूला पुढे वाट मिळत नाही आणि नळी तिथेच फुगते किंवा फाटते. डावा हात नेमका त्याच जागेच्या खाली असतो. म्हणून नळी उजेडाकडे धरून आरपार बघणे चुकवू नका. ठासणीची नळी बुडाशी बंद असते, तिला गजाची खूणच सांगते.

ठासणीच्या नळीला पाणीच लागते

इथे सर्वांत जास्त चूक होते. बार काढल्यावर अनेक जण नळीत रॉकेल किंवा तेल सोडतात आणि साफ झाली असे मानतात. काळ्या दारूची राख ही मुख्यतः क्षारांची असते. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि ते तेलात किंवा रॉकेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. वरून तेल दिले की क्षार तेलाखाली दबून राहतात आणि लोखंड खातच राहतात. जुन्या पद्धतीच्या केपाही निपलभोवती मिठासारखा क्षार सोडतात. कोकणच्या हवेत एका रात्रीत नळीच्या आत तांबूस थर धरतो आणि आठवड्यात खड्डे पडायला लागतात. खड्डा पडला की तो परत भरत नाही. पुढच्या प्रत्येक बाराची राख त्याच खड्ड्यात अडकते.

म्हणून ज्या दिवशी बार, त्याच दिवशी धुणे. निपल त्याच्या किल्लीनेच काढा, पकडीने नाही. पकडीने कडा गोल होतात आणि पुढच्या वेळी ते निघत नाही. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर बुडाची बाजू बादलीत ठेवा. दोन-तीन लिटर कढत पाणी आणि त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब पुरतात. गजाला सुती चिंधी गुंडाळून पंपासारखी वर-खाली करा, पाणी निपलच्या भोकातून आत-बाहेर होईल. पहिले पाणी शाईसारखे काळे येते आणि त्याला सडक्या अंड्याचा वास असतो, तो गंधकाचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. शेवटी उकळते पाणी नळीतून सोडा, म्हणजे नळी तापून स्वतःच वाळते. हात भाजेल, जाड फडके धरा.

पुढची पाच मिनिटे महत्त्वाची. गरम, उघड्या लोखंडावर गंज डोळ्यांदेखत चढतो. कोरड्या चिंध्या दोन-तीनदा फिरवा, पांढरी चिंधी पांढरी बाहेर आली की नळी कोमट असतानाच तेल द्या. निपल जुन्या दात घासायच्या ब्रशने धुऊन त्याचे भोक बारीक तारेने मोकळे करा, आट्यांना तेलाचा एक थेंब लावून बसवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी आतून फिरवून बघा. ती तांबूस आली तर धुणे अपुरे झाले, सगळे पुन्हा करा.

१२ बोअरची काडतुसाची बंदूक

हिच्या दारूची राख कमी खोडकर असते, पण प्लॅस्टिकचा चिवट थर आणि शिसे नळीत बसते. नळीखालचा लाकडी भाग काढून नळी वेगळी करा. गज नेहमी काडतुसाच्या बाजूने घाला, म्हणजे घाण तोंडातून बाहेर पडते, यंत्रणेत जात नाही. १२ बोअरच्या मापाचा ब्राँझचा ब्रश सफाईच्या तेलात किंवा थोड्या रॉकेलात भिजवून दहा-बारा वेळा आरपार न्या. मध्येच उलटा फिरवू नका, तारा वाकतात. स्टीलचा ब्रश, भांड्याची तारेची घासणी किंवा सँडपेपर नळीत कधीही घालू नका. काडतुसाच्या घराच्या पुढच्या कडेशी थर सर्वांत जाड असतो, तिथे ब्रश चार वळसे फिरवा. मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाची. रॉकेल पुसून टाकणे आवश्यक आहे. ते उडून गेल्यावर लोखंडावर संरक्षण म्हणून काही उरत नाही. पेट्रोल तर घरात वापरूच नका.

स्वच्छ नळी भिंतीवरच्या उजेडाकडे धरून बघा. आत उजेडाची गोल वर्तुळे एकात एक दिसतात. वर्तुळ एका बाजूला मोडले असेल तर तिथे पोचा आहे. पूर्ण गोल काळी सावली दिसली तर नळी तिथे फुगली आहे, अशा बंदुकीतून एकही बार काढू नका. नळी पुन्हा जोडून दस्ता धरून हलवा. खटखट आवाज आला तर बिजागरी झिजली आहे. घोडा अर्ध्यावर चढवून रिकाम्या बंदुकीचा चाप दाबा, घोडा पडता कामा नये. पूर्ण चढवून बघायचे तर काडतुसाच्या घरात आधी उडवलेले रिकामे काडतूस घाला, नाहीतर काडतुसावर आपटणारी पिन तुटते.

जुन्या बंदुकींचे काडतुसाचे घर ६५ मि.मी.चे असते आणि आज मिळणारी काडतुसे बहुधा ७० मि.मी.ची असतात. ती आत बसतात, पण उडताना त्यांचे तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या बुडाशी माप कोरलेले असते. वाचता येत नसेल तर कारागिराकडून मोजून घ्या.

तेल कोणते, किती

शिलाई मशीनचे पातळ तेल चालते. खोबरेल नको. ते घरात हाताशी असते, म्हणून सगळे तेच लावतात. पण थंडीत ते थिजते, जुने झाले की चिकट होते आणि पिन अडकते. मग ऐनवेळी केप किंवा काडतूस उडत नाही. तेल थोडेच द्या: नळीला आतून चिंधीचा एक हात, बिजागरीला दोन थेंब, पिनच्या भोकात काहीही नाही. जास्त तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरते आणि लाकूड मऊ पडते, म्हणून तेल दिलेली बंदूक पहिली रात्र तोंड खाली करून कपड्यावर उभी ठेवा. दस्त्याला जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब तळहाताने चोळा. त्या तेलाचे फडके गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेटू शकते, पसरून वाळवा.

राखणीला नेण्यापूर्वी नळीतले तेल कोरड्या चिंधीने पुसून काढा. ठासणीत तेल राहिले तर दारू भिजते आणि बार उशिरा उडतो. चाप दाबून काही झाले नाही तर ठासणीची बंदूक पूर्ण एक मिनिट, काडतुसाची अर्धा मिनिट सुरक्षित दिशेला धरून ठेवा.

पूजा आणि पुढचा हंगाम

हळदकुंकू नळीवर नको, खालच्या पाटाला वाहा. झेंडूचे ओले फूल रात्रभर नळीवर राहिले की सकाळी त्याच आकाराचा तांबूस डाग उठतो. घोड्याच्या खाचेत गेलेले कुंकू तेलात मळून घट्ट होते. पूजा झाली की पुसून तेलाचा हात फिरवा.

हंगामात दव रोज पडते. शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून आल्यावर, बार काढला नसला तरी, बंदूक पुसून मगच ठेवा. हाताचा घामही खारटच असतो. रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका, म्यान ओल धरते. चुलीवरच्या फळीवरही नको. कुलपाचे लोखंडी कपाट, आत ओल शोषणारे पाव किलो सिलिका जेल आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. हिरवट बुडाची किंवा फुगलेल्या कागदाची काडतुसे वापरू नका, उन्हात वाळवू तर मुळीच नका.

नळीचा पोचा, चाप, बिजागरी ही कामे घरची नाहीत. बंदूक दुसऱ्याच्या हाती दुरुस्तीला पाठवायची तर लेखी अधिकारपत्र द्या. नळी कापून आखूड करणे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय गुन्हा आहे. परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही: रानडुक्कर आणि गवा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात, त्यांना मारायला वनविभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. निवडणुकीसाठी बंदूक जमा करायची वेळ आली तर धुऊन, नेहमीपेक्षा जाड तेल देऊन जमा करा, पावतीवर तिची स्थिती लिहून घ्या आणि परत मिळाल्या दिवशीच पांढरी चिंधी आतून फिरवून बघा.