पोर्ट-शेरी कढईत ओतताना या चुका टाळा

पोर्ट आणि शेरी या वरून कडक दारू घालून जोरदार केलेल्या वाईन. घरात भेट आलेली पोर्टची बाटली होती. मटणाच्या रश्श्यात मी ती जवळजवळ अर्धी रिकामी केली. काळा मसाला, भाजलेलं खोबरं आणि वर ती गोडमिट्ट वाईन! पहिल्याच घासाला प्रश्न आला, "यात गूळ कोणी टाकला?"

साध्या वाईनच्या मापाने ओतणं, हीच पहिली चूक. पोर्टचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाची स्पिरिट, म्हणजे कडक दारू, घालतात. यीस्ट मरतं, साखर तशीच उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. शेरीला स्पिरिट देतात ती रस पूर्ण आंबल्यावर, म्हणून फिनो किंवा अमोंतियादो हे शेरीचे प्रकार कोरडे, म्हणजे बिनगोडीचे लागतात. लेबलावर 'क्रीम' असेल तर ती मात्र गोड. तिखट रश्श्याला कोरडीच घ्या, चौघांच्या भाजीला दोन-तीन मोठे चमचे पुरे. भरिताच्या वाटेला तर जाऊच नका; भाजलेल्या वांग्याच्या धुरकट चवीत हिचं काय काम?

पोर्टची खरी जोडी आपल्या केळ्यांशी. पिकलेली पण घट्ट केळी लोण्यात परता, गॅस बंद करून दोन चमचे पोर्ट घाला (चालू आचेवर वाफ भपकन पेटू शकते), मग मंद आचेवर आटवा.

रश्श्याला कच्चा दारूचा वास येतो तो वाईन शेवटी ओतून झाकण ठेवल्याने. कांदा परतल्यावर लगेच घाला, झाकण न ठेवता निम्मी आटू द्या. तरी सगळं अल्कोहोल उडतं हा भ्रमच. पंधरा मिनिटं उकळल्यावरही सुमारे ४० टक्के उरतं, अडीच तासांनी ५ टक्के. पंगतीत माळकरी, गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर त्यांचा रस्सा वेगळाच करा.

बाटली गॅसशेजारच्या फळीवर ठेवू नका. जळगावच्या मे महिन्यात तिथे काय होतं ते तेलाच्या डब्यालाच विचारा. उघडलेली फिनो फ्रिजमध्येही आठवडाभरच टिकते, टॉनी हा पोर्टचा प्रकार महिनाभर. मदेरा ही अशीच स्पिरिट घातलेली तिसरी वाईन मात्र आपल्यासारखीच उन्हाळे सोसलेली: तिचा एक प्रकार ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने तापवूनच बनतो. त्यामुळे उघडल्यावरही ती कित्येक महिने बिघडत नाही.

आणि रस्सा गोड झालाच तर? मी बिनमिठाचं मटणाचं पाणी वाढवलं, काळ्या मसाल्याची नवी फोडणी दिली, वरून लिंबू पिळलं. कळण्याच्या भाकरीबरोबर निम्मं पातेलं संपलं. उरलेलं दुसऱ्या दिवशी मीच खाल्लं.