11 केव्हीच्या यार्डात अल्ट्रासाउंडने इन्सुलेशनचे दोष कसे शोधावेत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांच्या 11 केव्ही (11,000 व्होल्ट) यार्डात इन्सुलेटर आणि बुशिंगवर (टाकीतून तार बाहेर काढणारी इन्सुलेटरची नळी) धूळ व कापसाचे तंतू साचतात. हा थर उन्हाळ्यात कोरडा, म्हणून शांत असतो. मृगाचा पाऊस आला की तो ओलावतो आणि पृष्ठभागावरून करंट गळू लागतो. त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी तपासून ‘सगळं ठीक’ असा शेरा मारू नका. या गळतीतून कानाला न ऐकू येणारा आवाज, म्हणजे अल्ट्रासाउंड, निघतो; डिटेक्टर तो हेडफोनमध्ये ऐकवतो. पहाटेच्या दवात किंवा रिमझिम थांबल्यावर ऐका. भर पावसात थेंबांचाच आवाज हेडफोनमध्ये भरतो, शिवाय तेव्हा यार्डात थांबणं धोक्याचं.

डिटेक्टर 40 किलोहर्ट्झवर ठेवा. सुरुवातीला संवेदनशीलता पूर्ण, मग दिशा सापडेल तशी कमी करत जा. चालू लाइनपासून किमान 3 मीटर लांब राहा. उंचावरच्या इन्सुलेटरसाठी पॅराबोलिक डिश (लांबचा आवाज गोळा करणारी वाटी) लावा. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीच्या पत्र्यावरून आवाज परततो, म्हणून दोन वेगवेगळ्या जागांवरून नेम धरून खात्री करा.

पॅनेलचं दार उघडू नका. गॅस्केटची (दाराच्या रबरी पट्टीची) फट, जाळी, केबलची एंट्री इथे प्रोब, म्हणजे डिटेक्टरचं टोक, फिरवा. पूर्ण बंद पॅनेलमधून हवेतला अल्ट्रासाउंड बाहेर येत नाही आणि ठोस इन्सुलेशनच्या आतली पोकळीही यात ऐकू येत नाही. तिथली शांतता निर्दोषपणाचा पुरावा मानू नये.

डेसिबलपेक्षा लय महत्त्वाची. कोरोना (उच्च दाबाच्या भागाभोवतीच्या हवेतला डिस्चार्ज) म्हणजे तेलात भजी तळताना येते तशी सलग चरचर. ट्रॅकिंगचा (इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरून वाट काढणाऱ्या गळतीचा) आवाज चढत जातो, एकदम पडतो, पुन्हा चढतो. आर्किंग (फटीतून उडणारी ठिणगी) तुटक, अचानक सुरू होऊन थांबणारं. 1000 व्होल्टखाली कोरोना सहसा होत नाही, पण 440 व्होल्टच्या पॅनेलमध्ये आर्किंग होऊ शकतं. हवेची गळती सपाट फुसफुसते. शंका आली तर रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रम (आवाजातल्या वारंवारतांचा आलेख) पाहा. डिस्चार्ज असेल तर 100 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतल्या रेषा दिसतात, शिवाय मधली जागाही भरलेली असते. नुसत्या सैल पत्र्याच्या थरथरीत मधली जागा रिकामी राहते.

नोंदीत अंतर, दमटपणा आणि लोड लिहा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, म्हणून पुढच्या खेपेला त्याच जागेवरून मोजा. कोरोनात उष्णता फारच कमी असते, थर्मल कॅमेऱ्यात तो बहुधा दिसतच नाही.

ट्रॅकिंग किंवा आर्किंग सापडलं तर परमिट (कामाची परवानगी) घेऊन शटडाउन, वीज नसल्याचं टेस्टिंग, अर्थिंग, मगच हात. चिनी मातीचा इन्सुलेटर पुसून, तडा तपासून वापरता येतो. इपॉक्सीच्या (कडक रेझिनच्या) इन्सुलेशनवर ट्रॅकिंगची काळी नक्षी उमटली असेल तर ती पुसून जात नाही. तो भाग बदलावाच लागतो.